रविवारी मेस बंद? रूमवर गरम सँडविच आणि भरलेले पाव कसे करायचे

पुण्यात नवीन आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात कोणी सांगत नाही अशी गोष्ट म्हणजे रविवारी रात्री मेस बंद असते. मी २०१४ ला परभणीहून आलो, नारायण पेठेत तिघांत एक रूम, आणि पहिल्याच रविवारी रात्री साडेआठला जेवायला गेलो तर शटर खाली. त्या रात्री केळी आणि वेफर्स. पुढच्या रविवारी हुशारी केली, ब्रेड आणला, काकडी-टोमॅटो-बटाटा घातला, तव्यावर भाजला, आणि ताटात काय आलं तर वरून काळा आणि आतून लगदा. उचलला की मधूनच तुटायचा. रूममेटने तो चमच्याने खाल्ला.

मग पुढची दोन वर्षं रविवारची रात्र सँडविचचीच होती आणि त्यात एक गोष्ट नीट कळली, ती म्हणजे सगळी भानगड पाण्याची आहे. काकडीचं पाणी, टोमॅटोचं पाणी, पातळ चटणी, गरम बटाट्याची वाफ, यातलं काहीही ब्रेडपर्यंत पोचलं की सँडविच गेलंच. खाली ज्या स्टेप्स आहेत त्या बहुतेक हे पाणी कुठे कुठे अडवायचं याच्याच आहेत. तर आता क्रमाने.

१. सामान

एकदाच घ्यायचं:
- तवा (नॉनस्टिक असेल तर लाकडी उलथणं, स्टीलचं नको)
- गॅसवरचा हँडलवाला सँडविच टोस्टर किंवा इलेक्ट्रिक. दोन्ही पाहिजेत असं काही नाही
- किसणी, सुरी, पोळपाट-लाटणं
- मिक्सरचं छोटं भांडं, चटणीचं
- दोन स्वच्छ सुती कापडं, धुतलेला जुना पंचाही चालतो

दर वेळी लागणारं: स्लाइस ब्रेड, बटर, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आलं, लिंबू, फुटाण्याचं डाळं, बटाटे, काकडी, टोमॅटो, कांदा, बीट आवडत असेल तर, चीज क्यूब किंवा स्लाइस, चाट मसाला.

हँडलवाला टोस्टर तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत मिळतो. घेताना फक्त तीन गोष्टी बघा. दोन्ही पाती मिटल्यावर कडा एकमेकांवर बरोबर बसतात का, हँडलची कडी घट्ट लागते का, आणि हँडलवरचं प्लास्टिक पात्याच्या फार जवळ नाही ना. माझ्या पहिल्या टोस्टरचं हँडल तिसऱ्याच रविवारी वितळलं.

इलेक्ट्रिक घेणार असाल तर एक्स्टेंशन बोर्डाकडे लक्ष द्या, हा सापळा रूमवर राहणाऱ्या सगळ्यांना एकदा तरी लागतो. साधा सँडविच मेकर साधारण ७५० वॅटचा असतो, त्याला साधं ६ अँपिअरचं सॉकेट पुरतं. पण ६ अँपिअर म्हणजे जेमतेम १४०० वॅट, आणि इंडक्शन एकटाच १८००-२००० वॅट खातो. आम्ही एका बोर्डावर दोन्ही लावलं, एका बाजूला बटाटे उकडतायत दुसऱ्या बाजूला टोस्टर तापतोय, आणि खटका पडून आख्ख्या मजल्याचे दिवे गेले. खालून घरमालक काकू मेणबत्ती घेऊन वर आल्या. त्या दिवसापासून त्यांचं आमच्या स्वयंपाकावर लक्ष बसलं, ते एका अर्थी बरंच झालं.

आणि हो, कपड्यांच्या इस्त्रीवर सँडविच भाजायचा प्रयोग करू नका. होतं, पण पुढचा महिनाभर शर्टाला बटरचा वास येतो.

२. ब्रेड

गल्लीतल्या बेकरीत 'सँडविच ब्रेड' म्हणून मागा, तो नेहमीच्यापेक्षा मोठा असतो, स्लाइस चौकोनी आणि एकसारखी. हँडलवाला टोस्टर छोटा असेल तर मात्र साधाच घ्या, नाहीतर कडा बाहेर राहतात आणि आधी त्याच जळतात.

आत्ताच आलेला मऊ लुसलुशीत ब्रेड भाजायला वाईट. तो ओलसर असतो, सुरीला चिकटतो, चटणी लावताना फाटतो. काल आणलेला ब्रेड उत्तम. फ्रीज असला तरी ब्रेड फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे तो बाहेरच्यापेक्षा लवकर वातड होतो, ठेवायचाच तर फ्रीजरमध्ये, आणि तिथून काढून थेट तव्यावर टाकला तरी चालतो. पावसाळ्यात पुण्यात ब्रेड दोन-तीन दिवसांत बुरसतो. एका स्लाइसवर हिरवा ठिपका दिसला की बाकीच्या चांगल्या म्हणून खाऊ नका, बुरशी आत पसरलेली असते ती डोळ्याला दिसत नाही. सगळा पुडा टाका.

३. चटणी

सँडविचची चव म्हणजे नव्वद टक्के चटणी, असं माझं मत. त्यामुळे इथे आळस नको.

एक मध्यम जुडी कोथिंबीर, कोवळ्या दांड्यांसकट. दांड्या टाकून देऊ नका, वास त्यांनाच जास्त. चार-पाच मिरच्या, बोटाच्या पेराएवढं आलं, पाव चमचा जिरं, दोन मोठे चमचे डाळं, मीठ, चिमूटभर साखर, अर्धं लिंबू. लसूण खाणाऱ्यांनी दोन-तीन पाकळ्या. आधी डाळं आणि जिरं कोरडं फिरवा, मग बाकीचं घाला आणि पाणी दोन-तीन चमचेच, तेही फ्रीजचं गार किंवा त्याऐवजी बर्फाचे दोन खडे. मिक्सर तापला की कोथिंबीर काळपट पडते, गार पाण्याने हिरवी राहते. थांबून थांबून फिरवा.

चटणी चमच्यातून पडता कामा नये. चमचा उलटा केला आणि ती हळूच सरकली, तर बरोबर. धबकन पडली तर पातळ झालीये, अजून एक चमचा डाळं घाला. डाळं पाणी धरून ठेवतं, ते फक्त चवीला नाहीये. कोथिंबीर धुतल्यावर नीट झटकून कापडावर पसरून ठेवली तर हा प्रश्न अर्धा सुटतो, पण ते कोणी करत नाही, मीही पहिलं वर्षभर नाही केलं.

डब्यात भरून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस आरामात राहते. फ्रीज नसेल तर त्याच दिवशी संपवा.

४. भाज्या आणि बटाटा

बटाटे सकाळी किंवा निदान दोन तास आधी उकडून ठेवा. कुकरला मध्यम आचेवर तीन-चार शिट्ट्या. शक्यतो जुने बटाटे घ्या, नवे चिकट होतात. पाण्यातून लगेच काढा, तसेच कुकरात राहिले तर पाणी पितात. आणि पूर्ण गार झाल्यावरच चकत्या करा, गरम बटाट्याची चकती होत नाही, भरीत होतं. शिवाय त्याची वाफ ब्रेडमध्ये जाते.

काकडीच्या बाबतीत मी बरेच दिवस एक चूक करत होतो. चकत्या करून वर मीठ-चाट मसाला भुरभुरून ठेवून द्यायचो, म्हणजे तयारी झाली. एकदा काकू विरजण मागायला वर आल्या, ताटलीत बघतात तर काकडी पाण्यात पोहतेय. म्हणाल्या, "अरे, मीठ लावून ठेवलंस आणि आता पाणी सुटलं म्हणतोस? कोशिंबीर करतोयस का सँडविच?" मग त्यांनीच पंचा मागितला, त्याच्या अर्ध्यावर चकत्या मांडल्या, उरलेला अर्धा वर घेतला आणि तळहाताने दाबलं. कापड उचललं तर त्यावर चकत्यांचे ओले गोल गोल छाप. टोमॅटोचंही तेच, फक्त त्याचा आतला बियांचा रसाळ भाग आधी काढून टाकायचा. बीट उकडून, दाबून, आणि वेगळ्या कापडावर, नाहीतर सगळं गुलाबी.

म्हणजे नियम एवढाच, मीठ आणि मसाला सगळ्यात शेवटी, ब्रेड बंद करायच्या आधी दहा सेकंद.

मसाल्याला नुसता चाट मसाला चालतो. जरा भारी करायचा असेल तर जिरं, धने, थोडी बडीशेप, सात-आठ मिरी, दोन लवंगा, छोटा दालचिनीचा तुकडा मंद भाजून गार करून बारीक करा, त्यात काळं मीठ आणि आमचूर. बाटलीत भरून ठेवा, दोनेक महिने पुरतो.

५. थर कसे लावायचे

बटर दोन्ही स्लाइसना आतून, कडेपर्यंत. कंजुषी करून मधे एक ठिपका लावू नका. बटर चवीला आहेच, पण मुख्य म्हणजे ते पाणी ब्रेडमध्ये जाऊ देत नाही. बाजारचं पिवळं बटर खारट असतं, म्हणून पुढे मीठ जपून. बटरवर चटणी. मग खाली बटाटा, कारण तो कोरडा. त्यावर बीट, काकडी, टोमॅटो, कांदा, मसाला. चीज घालायचं तर किसून सगळ्यात वर, म्हणजे ते वितळून वरच्या स्लाइसला चिकटतं आणि सँडविच उघडत नाही. क्यूब न किसता जाड तुकडे टाकले तर ब्रेड जळेपर्यंत आत चीज तसंच राहतं.

आणि ठासून भरू नका हो. घरचं सँडविच बिघडण्याचं पाण्यानंतरचं कारण हेच. बटाट्याच्या चार चकत्या, काकडीच्या चार, टोमॅटोच्या दोन. टोस्टर सहज मिटला पाहिजे, गुडघ्याने दाबायची वेळ आली तर काहीतरी काढा.

६. भाजणं

हँडलवाला टोस्टर: आतून दोन्ही पात्यांना बटर फासा, सँडविच ठेवा, कडी लावा, बाहेर आलेल्या कडा सुरीने कापून टाका. गॅस बारीक. एक बाजू दीड-दोन मिनिटं, मग उलटा, मग परत एकदा दोन्ही बाजू मिनिट-मिनिट. मधे उघडून बघायला काही हरकत नाही. आधी चर्र असा ओला आवाज येतो, तो कमी होत होत जवळपास थांबला की समजायचं बाहेरचं पाणी उडालं आणि आता कुरकुरीत व्हायला लागलंय, इथून पुढे तीस सेकंदात जळतं, फोन बघू नका. मोठ्या आचेवर दोन मिनिटांत रंग येतो खरा पण आतला बटाटा थंडगार.

तवा: टोस्टर नसेल तर. तवा मध्यम तापवा, बटरमध्ये दोन थेंब तेल, नुसतं बटर लवकर काळं पडतं. सँडविच ठेवा, वर स्टीलची ताटली आणि तिच्यावर पाणी भरलेलं छोटं पातेलं. वजन पाहिजे, झाकण नको. झाकण ठेवलं की वाफ कोंडते आणि परत तोच लगदा.

इलेक्ट्रिक: दिवा बदलेपर्यंत आधी रिकामा तापवा आणि मगच सँडविच ठेवा. थंड मशीनमध्ये ठेवलं तर ब्रेड आधी वाळतो आणि मग भाजतो. चार-पाच मिनिटं लागतात. त्रिकोणी खाचांचा असेल तर भरण आणखी कमी करा, दोन्ही बाजूंनी गळून प्लेटवर जळतं आणि ते साफ करताना रविवार संपतो.

७. उरलेल्याचं सँडविच

हा माझा आवडता प्रकार. काकडी-टोमॅटोची कटकटच नाही. आदल्या दिवशीच्या डब्यातली बटाट्याची सुकी भाजी, मोकळा झुणका, मटकीची कोरडी उसळ, काहीही. अट एकच, तर्री किंवा रस्सा असेल तर आधी कढईत परतून कोरडं करा. झुणका घातलेलं टोस्ट ऐकायला विचित्र वाटतं, पण एका स्लाइसला लसणाची लाल चटणी लावा, त्यावर झुणका, कच्चा कांदा, आणि बारीक गॅसवर खरपूस करा. घरून येताना आईने शेंगदाण्याची चटणी दिली असेल तर तीही चालते, फक्त बटर थोडं जास्त लावा म्हणजे ती सांडत नाही. इथे चीज घालणाऱ्यांशी माझं जमत नाही.

८. लादी पाव भरून

यीस्ट वगैरेच्या आधी हे करून बघा, अर्ध्या तासाचं काम.

तीन-चार बटाटे उकडून कुस्करा. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, आलं-मिरचीचं वाटण, मग बटाटा, मीठ, कोथिंबीर, लिंबू. वड्याचंच सारण, पण कढईत पाच मिनिटं जास्त परता, कडेला सुटेपर्यंत, आणि ताटात पसरून गार करा. पाव आडवा कापायचा तो तीनच बाजूंनी, चौथी बाजू जोडलेली राहू दे, पुस्तकासारखा. आतून एका बाजूला हिरवी चटणी, एका बाजूला चिंच-गुळाची, मधे सारण, बारीक शेव किंवा मसाला शेंगदाणे, आणि तव्यावर बटर सोडून दोन्ही बाजूंनी दाबून भाजा. दाबेलीच्या जवळ जातं, पण दाबेलीवाले भांडतील, त्यांचा मसाला वेगळा असतो, मूळ कच्छमधल्या मांडवीचा.

पाव शेकताना पाणी शिंपडून मऊ करायची सवय असेल तर इथे नको.

ब्रेड पॅटीस करायचं असेल तर हेच सारण दोन स्लाइसमध्ये दाबून त्रिकोणी कापायचं आणि बेसनात बुडवून तळायचं. पीठ भज्यांपेक्षा थोडं घट्ट आणि तेल चांगलं तापलेलं, नाहीतर ब्रेड तेल पितो. हिंदुस्थान बेकरी किंवा आपटे रोडच्या संतोष बेकरीत मिळतं ते पॅटीस वेगळं, ते मैद्याच्या पापुद्र्यांचं, ते रूमवर करायच्या भानगडीत पडू नका, जाऊन खा.

९. यीस्टचे भरलेले बन

हे सुट्टीच्या दिवशी. वेळ जातो पण कष्ट कमी.

मैदा २५० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट १ छोटा चमचा, साखर १ मोठा चमचा, मीठ पाऊण छोटा चमचा, कोमट दूध-पाणी मिळून १५० मिली, बटर २५ ग्रॅम. कोमट म्हणजे बोट घातलं तर सुखाचं वाटलं पाहिजे. चटका बसला तर यीस्ट मरतं, आणि मग तो गोळा कितीही वेळ ठेवा, फुगत नाही. माझे पहिले दोन घाणे असेच गेले, तिसऱ्यांदा पुडा बघितला तर यीस्टच जुनं निघालं. थोड्या कोमट पाण्यात साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटांत फेस येतो का बघा, नाही आला तर मैदा वाया घालवू नका.

दूध सगळं एकदम ओतू नका, एक-दोन चमचे मागे ठेवा आणि लागलं तरच घाला. पीठ सुरुवातीला हाताला भयंकर चिकटतं. तिथे घाबरून वरून मैदा घालत जाल तर बन दगड होतात. बटर घालून दहा मिनिटं ओट्यावर आपटत-ताणत मळा, हळूहळू ते स्वतःच सुटं होतं. चिमूटभर ताणलं तर फाटायच्या आधी पातळ पापुद्रा यायला हवा. मग तेलाचा हात लावून झाकून ठेवा, दुप्पट होईपर्यंत. एप्रिल-मेमध्ये पाऊण तासात होतं, डिसेंबरमध्ये दीड-दोन तास लागतात, म्हणून घड्याळापेक्षा पिठाकडे बघा.

याचे सात गोळे करा. पारी हातानेच करायची, कडा पातळ आणि मध्य जाड, पुरणपोळीला करतो तशी. वरचंच बटाट्याचं सारण दीड चमचा, पूर्ण गार आणि कोरडं. गरम सारण भरलं तर आत पोकळी होते आणि बुडाला पीठ कच्चं राहतं. तोंड चिमटून नीट बंद करा, बंद केलेली बाजू खाली. तूप लावलेल्या ताटलीत थोडं अंतर ठेवून मांडा, झाकून अजून अर्धा तास. वरून दुधाचा हात.

ओव्हन असेल तर १८० डिग्रीला आधी तापवून १८-२० मिनिटं. नसेल तर जुनी जाड कढई, तळाशी बोटभर मीठ, त्यावर स्टँड, घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग ताटली आत आणि गॅस कमी. पंचवीस ते तीस मिनिटं. वीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. कढईतल्या बनांना वरून रंग कमी येतो, ते बिघडलेले नसतात, हवं तर शेवटी उलटे करून तव्यावर मिनिटभर धरा. ते मीठ गार करून बाटलीत ठेवा, पुढच्या वेळी परत तेच वापरता येतं, स्वयंपाकात मात्र घालू नका.

काढल्याकाढल्या बटर लावून सुती कापडाने झाका. कापडाने, ताटाने नाही.

१०. ऑफिसला डब्यात

सँडविच तव्यावरून काढून थेट डब्यात घालून झाकण लावलं की दुपारी एक वाजता झाकणाच्या आतून पाणी गळतं आणि सकाळची सगळी मेहनत ओली. भाजल्यावर कापू नका, आधी जाळीवर किंवा चाळणी उपडी घालून तिच्यावर पाच-सात मिनिटं ठेवा, खालून हवा लागली पाहिजे. मग कापा, बटर पेपरमध्ये गुंडाळा, आणि डब्यात. डब्याच्या सँडविचमध्ये टोमॅटो टाळा, तो वेगळा न्या. चीज थंड झाल्यावर रबर होतं, ऑफिसात मायक्रोवेव्ह असला तरी त्यात ब्रेड परत मऊ पडतो, म्हणून डब्याला मी बटाट्याची भाजी नाहीतर झुणकाच नेतो.

बन मात्र दुसऱ्या दिवशीही चांगले लागतात. काकूंना दिलेले दोन त्यांनी सकाळी चहाबरोबर खाल्ले आणि रिकामी ताटली परत देताना तिच्यात चार ओल्या मिरच्या ठेवून म्हणाल्या, "पुढच्या वेळी ह्या घाल, सारण मिळमिळीत होतं."